सोन्याचा ठिपका

काम तसं साधंच होतं. नगरपालिकेच्या नकाशा विभागात ते ताईच्या टेबलावर आलं तेव्हा साहेब म्हणाले होते, चहा थंड व्हायच्या आत होईल. शहराच्या कडेला, टेकडीच्या उतारावर जुनी दफनभूमी आहे. तिथल्या प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश फार पूर्वीच्या मोजणीवाल्यांनी घेऊन ठेवले होते. ते संगणकात भरायचे आणि आजच्या नकाशावर चढवायचे, एवढंच. मग लोकांनी फोनवर कबरीचा क्रमांक टाकला की फोन बोलत बोलत त्यांना तिथपर्यंत नेणार होता. तिथले दगड सगळे एका मापाचे, जमिनीसपाट, गवतात बुडालेले. आपलं माणूस शोधता शोधता लोक रडकुंडीला येत.

ताईने आकडे भरले, बटण दाबलं, आणि अख्खी दफनभूमी नदीत जाऊन पडली.

टेकडी मोकळी, आणि खाली नदीच्या पात्रात ठिपक्यांच्या ओळीच ओळी. साहेब तिच्या खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, "मेलेल्यांना पोहायला पाठवलंत की काय?" खोलीतले सगळे हसले. ताई हसली नाही. तिची नजर एका ठिपक्यावर खिळली होती. धाकट्या भावाचा, सोन्याचा क्रमांक तिला पाठ होता, आणि तो ठिपका नदीच्या ऐन मध्यावर होता. भावाला ती लहानपणापासून पाण्यात पाहत आली होती. आज तो खरोखरच पाण्यात दिसला, आणि क्षणभर तिला जे वाटलं ते चांगलं नव्हतं.

चूक कुठे झाली ते तिला लगेच कळलं. पृथ्वी काही गुळगुळीत चेंडू नाही. ती मोजायची तर आधी एक गोळा मानावा लागतो आणि तो कुठे टेकवायचा ते ठरवावं लागतं. त्या पायालाच डेटम म्हणतात. जुन्या मोजणीवाल्यांचा डेटम वेगळा, आजच्या उपग्रहांचा वेगळा. आकडे तेच राहिले तरी पाया बदलला की जागा सरकते. एका शिंप्याच्या टेपने माप घ्यावं आणि दुसऱ्याच्या टेपने कापड बेतावं, तसं. संगणकाला जुना डेटम सांगायचाच राहिला होता. तिने तो सांगितला. जुन्यावरून नव्यावर न्यायच्या चार-पाच रीती संगणकाने पुढे केल्या. तिने सगळ्यात वरची निवडली. सगळे ठिपके शहाण्या मुलांसारखे नदीतून उठले आणि टेकडीवर जाऊन आपापल्या ओळीत बसले. फाटकापाशी जाऊन तिने पडताळून पाहिलं. फाटक फाटकावरच होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि फोनवरची सोय लोकांना खुली झाली.

ताई हे तिचं नाव नव्हे, हे एव्हाना कोणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. सोन्या बोलायला लागला, त्याने तिला ताई म्हटलं, आणि त्या दिवसापासून आईही तिला ताई म्हणू लागली. मग वडील, मग शेजारी, मग ऑफिससुद्धा. भाऊ आला तो तिचं नाव घेऊनच आला. विसाव्या वर्षी मोटरसायकलवरून पडून तो गेला, पण नाव काही परत मिळालं नाही. गेल्यावर तर तो आणखीच गुणी झाला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण आईच्या या म्हशीचं दूध इतक्या वर्षांत आटलं नव्हतं. दोनदा नापास झालेला मुलगा मेल्यानंतर हुशार ठरला. पाण्याचा पेला कधी उचलून न ठेवणारा सोन्या आता आईच्या बोलण्यात घरभर राबत असे. वडील गेल्यापासून आईचं सगळं ताई करत होती. औषधं, डोळ्यांतले थेंब, वेणीफणी, जिना उतरताना हाताचा आधार. तिचं लग्न जमलं नाही, की आईला एकटी कोण टाकणार म्हणून तिनेच जमू दिलं नाही, यावर नातेवाइकांत दोन मतं होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती आईला घेऊन जायची, तिथे बाकावर बसून आई शेजारणीला सांगायची, "सोन्या असता तर याहून मोठ्या डॉक्टरकडे नेलं असतं त्याने."

आईच्या डोळ्यांपुढे आता दुधी काच धरल्यासारखं झालं होतं. उजेड कळे, माणसाचा आकार कळे, चेहरा कळत नसे. त्यामुळे सोन्याच्या कबरीवर जाणं सुटलं होतं. फोनवरच्या सोयीचं ऐकलं तेव्हा मात्र तिने ताईला जवळ बसवून सगळं नीट विचारून घेतलं. ताईच्या कामाबद्दल आईने काही विचारायची ही पहिलीच वेळ. ताई हौसेने सांगत राहिली. सगळं ऐकून आई म्हणाली, "मग सोन्याचा नंबर घालून दे मला." ताई म्हणाली, मी येते बरोबर. आईने मान हलवली. "नको. तू घड्याळाकडे बघत उभी राहतेस. मी आणि तो, आमचं आम्हाला बसू दे."

बस घराजवळून थेट फाटकापर्यंत जात होती. आई एका दुपारी गेली आणि ऊन उतरायच्या आत परत आली. चपला काढता काढता ती भिंतीला हात टेकून थांबली. तिच्या अंगाला कापलेल्या गवताचा आणि ओल्या मातीचा वास येत होता.

"ताई, आज सोन्या बोलला."

ताईने तो थकल्या डोक्याचा खेळ समजून सोडून दिला. पण आई दुसऱ्या आठवड्यात गेली, तिसऱ्यात गेली, मग आठवड्यातून दोनदा जाऊ लागली. ती ठेवणीतलं लुगडं काढू लागली. आरशात काही दिसत नसताना आरशासमोर उभी राहू लागली. तो काय बोलतो ते मात्र आता सांगत नसे. ताईने विचारलं तर, "आमचं आपलं काहीतरी," म्हणून विषय बदलायची. ऑफिसातून दमून आलेल्या ताईच्या वाट्याला हो-नाहीच्या पलीकडे शब्द येत नव्हते, आणि मेलेल्याशी दुपार दुपार गप्पा चालल्या होत्या. ताई भांडी जरा जास्तच आपटून विसळायची.

अशातच ऑफिसात एक तक्रार आली. एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या कबरीवर जायला निघाले होते, तर फोनने त्यांना कोणा परक्याच्या कबरीशी नेऊन उभं केलं. साहेबांनी ताईला मोजणीचं यंत्र देऊन पाठवलं. आभाळ भरून आलं होतं, वारा मात्र पान हलेल इतकाही नव्हता. फाटकातून आत शिरलं की शहराचा आवाज मागे राहतो, आणि मग आपल्याच पावलांखाली गवत दबल्याचा आवाज येत राहतो. ताई थेट सोन्याच्या दगडाशी गेली. तो तिला डोळे मिटूनही सापडला असता. यंत्र तिथे टेकवलं आणि पडद्यावर पाहिलं. सोन्याचा ठिपका तिच्या पायाखाली नव्हता. उताराच्या बाजूला, तीन ओळी पलीकडे होता.

तिने कपाळावर हात मारला. यादीतली सगळ्यात वरची रीत होती ती सबंध देशासाठी, सरासरीची. या भागाची अचूक रीत खाली वेगळी दिलेली होती, ती तिने उघडून पाहिलीच नव्हती. सरासरीने नदीतले मृत टेकडीवर आले खरे, पण प्रत्येक जण थोडा सरकून, दुसऱ्याच्या अंथरुणात. फाटक इतकं रुंद की तेवढा फरक तिथे कळला नाही.

आणि मग तिने तीन ओळी पलीकडे पाहिलं. तिथे आई बसली होती.

पाय एका बाजूला घेऊन, दगडावर तळहात पसरून. दगड अगदी कोरा होता, नाव नाही, साल नाही. आई काहीतरी बोलायची, मान कलती करून ऐकायची, आणि हसायची. ते हसू ताईने वडील असतानाही कधी पाहिलं नव्हतं. ती हाक मारायला निघाली होती. "आई, तो हा नव्हे, सोन्या इकडे आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण तिने पायाजवळच्या सोन्याच्या दगडाकडे पाहिलं. त्यावर वाळकी पानं साचली होती. आई एवढ्या जवळ येत होती आणि त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती.

"आता बस वाट बघत," ताई हळूच म्हणाली.

माळी खाली गवत कापत होता. परत जाताना तिने त्याला त्या कोऱ्या दगडाबद्दल विचारलं. खाली कोण आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या दगडाकडे कधी कोणी फिरकलं नव्हतं. आता या आजी येतात, बरं वाटतं, म्हणाला. मग विळा गवतावर पुसत थोडा घुटमळला. "एक मात्र आहे, बाई. आजूबाजूच्या कबरींवर लोक फुलं ठेवून जातात ना, ती सकाळी त्याच्यावर असतात. सगळी. मी उचलून ज्याची त्याला परत ठेवतो." वाऱ्याने जात असतील, ताई म्हणाली. माळ्याने नदीच्या दिशेने पाहिलं. "वारा उलट्या बाजूचा असतो इथे," तो म्हणाला आणि कामाला लागला.

ऑफिसात येऊन ताईने सगळी चूक निस्तरली. योग्य रीत लावली, ठिपके सरकून आपापल्या दगडांवर गेले, साहेबांना तसं कळवलं. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून तिने एक ठिपका निवडला आणि माउसने ओढून तीन ओळी पलीकडे परत नेऊन सोडला. सगळ्या दफनभूमीत तेवढाच एक चुकीच्या जागी राहिला. तिला वाटलं, होऊ दे. जन्मभर त्याने माझ्या वाट्याचं नेलं, आता त्याच्या वाट्याचं दुसऱ्याला जाऊ दे.

काही दिवस तिला हलकं हलकं वाटलं. पण मत्सराला एक तोंड बंद केलं की दुसरं फुटतं. आई दिवसेंदिवस उजळत होती, आणि ताईच्या मनात आता येऊ लागलं की सोन्या निदान पोटचा तरी होता. हा कोण? ज्याला नाव नाही, गाव नाही, ज्याच्या दगडाकडे कुत्रं फिरकलं नाही, तोसुद्धा आईच्या मायेच्या रांगेत माझ्या पुढे उभा? बरं, तो बोलतो तरी काय, की आईला घर गोड लागेनासं व्हावं?

एके दिवशी ती दुपारची सुट्टी टाकून आईच्या मागोमाग गेली. दगडांच्या ओळींत एक जुनं, पसरलेलं झाड होतं, त्याच्या खोडाआड उभी राहिली. हवा कोंदट होती. जवळपास कुठेतरी फुलं कुजल्याचा गोडसर वास होता. पाखरांचा आवाज टेकडीच्या त्या अंगाला मुळीच नव्हता. आई दगडावर हात ठेवून बसली होती. दुसऱ्या बाजूचं काही ऐकू येत नव्हतं. आईच्या बोलण्यातल्या थांब्यांवरून मात्र कोणीतरी काही विचारत असावं असं वाटत होतं.

"एकटीच रे," आई म्हणत होती. "एकटीच असते घरी..."

थांबा.

"नाही नाही. मूलबाळ कुठलं मला..."

पुन्हा थांबा, या वेळी लांब. आईचा हात दगडावरून किंचित उचलला गेला आणि परत टेकला.

"मुलगी? छे... मुलगी नाही मला. कधीच नव्हती. आता तूच काय तो..."

खोडाची साल ताईच्या नखांखाली गेली होती, ते तिला नंतर कळलं. आई उठली, चाचपडत वाटेला लागली, फोनचा आवाज तिला फाटकाकडे नेत राहिला. ती दिसेनाशी झाल्यावर ताई पुढे आली. एवढ्या वर्षांत सोन्याला जे कधी बोलली नाही, ते आज बोलायचंच होतं. ती त्या कोऱ्या दगडासमोर उभी राहिली.

"मी तिची मुलगी," ती म्हणाली. "तिला उठवते मी, न्हाऊ घालते मी, तिचे थेंब, तिच्या गोळ्या, सगळं माझ्या हातचं. रात्री ती घाबरून उठली तर माझा हात धरते. तुझा नाही. ऐकतोस ना? मुलगी आहे तिला. मी आहे."

काहीच झालं नाही. ताईला स्वतःचीच लाज वाटली. जिथे आईचा तळहात टेकला होता तिथे तिने वाकून हात लावला. दगड सगळीकडे थंड होता, तेवढीच जागा अंगाएवढी ऊन होती. तिने हात झटकन मागे घेतला आणि वळली.

"...मी आहे," मागून आवाज आला.

तिचाच आवाज. तिचाच ठसका, शेवटच्या अक्षरावर तसाच खाली येणारा. पडसाद म्हणावा तर तिचं बोलून केव्हाच झालं होतं, आणि मोकळ्या उतारावर पडसाद यायला समोर भिंत तरी कुठे होती. तो आवाज पुन्हा आला, या वेळी जरा सावकाश, नवा शब्द घोकावा तसा.

"मी... आहे."

ताई पळाली नाही. ती चालत फाटकापर्यंत गेली, बस येईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि ऑफिसात येऊन पहिलं काम केलं ते सोन्याचा ठिपका त्याच्या दगडावर नेऊन ठेवण्याचं.

पुढच्या खेपेला आई परत आली ती दारातच खाली बसली. पदर तोंडाला लावलेला. ताईने पाणी दिलं, ते तिने बाजूला ठेवलं.

"गप्प होता आज," आई म्हणाली. "काही म्हणजे काही नाही."

ताई तिच्याशेजारी फरशीवर बसली. मग ताईने सगळं सांगितलं. डेटमची चूक, तीन ओळी, तो कोरा दगड, आणि आपण जाणूनबुजून सोडलेला ठिपका. मत्सर हा शब्द तिने उच्चारला नाही, पण तिच्या आवाजात तो होता. "आई, तो सोन्या नव्हताच. आज ज्याच्याकडे गेलीस तो सोन्या."

ती रागावेल, रडेल, असं ताईला वाटलं होतं. आई आपल्या दुधी डोळ्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पहिल्या दिवशी फसले. दुसऱ्या खेपेला कळलं. आईला लेकराचा आवाज कळत नाही होय? सोन्या कधी बोललाच नाही गं... इतकी वर्षं जात होते, एकदाही नाही. हा बोलला. याला कोणी नव्हतं. बाईचा म्हणावा की पुरुषाचा, असा आवाज. इतका आर्जवी. मला वाटलं, जाऊन बसलं घटकाभर तर काय बिघडलं." तिने ताईचा हात शोधला. "मग तो विचारायला लागला. घरी कोण आहे? तुला कोण आहे? आणखी कोण? सोन्याचं नाव घेतलं तर असा गप्प व्हायचा की हाताखालचा दगड गार पडायचा. त्याला वाटून घ्यायचं नव्हतं, ताई. कोणाशीच. म्हणून मी सांगितलं, मला कोणी नाही. म्हणून तुला येऊ देत नव्हते मी तिथे."

ताईने नकळत हात मागे ओढला.

"तू गेली होतीस का?" आईने विचारलं. "बोललीस त्याच्याशी?"

"...हो."

"काय म्हणालीस?"

"मी आहे, म्हणाले."

आईने डोळे मिटले. मग तिने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "आणि तो काय म्हणाला?"

"काही नाही," ताई म्हणाली.

त्यानंतर दोघींनी त्या टेकडीचं नाव काढलं नाही. आईने ठेवणीतलं लुगडं घडी करून ठेवून दिलं. आणि ताईला जे आयुष्यभर मिळालं नव्हतं ते त्या दिवसांत मिळालं. आई तिच्या यायच्या वेळेला दाराकडे तोंड करून बसू लागली. ऑफिसात काय झालं ते विचारू लागली. साहेबांच्या नकला ऐकून हसू लागली. एकदा तर केस विंचरून घेता घेता म्हणाली की तुझा हात तुझ्या आजीसारखा हलका आहे. ताईने तो शब्द कित्येक दिवस मनातल्या मनात पुरवून पुरवून वापरला. सोन्याचा विषय निघाला तरी आता तिला टोचत नसे. मेला तो सुटला, आणि आपण उरलो, हा हिशेब पहिल्यांदाच तिच्या बाजूने लागला होता.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने ऑफिसातून घरी फोन लावला. आई जेवली का, एवढंच विचारायचं होतं.

फोन उचलला गेला. "जेवलीस का गं आई?" ताईने विचारलं.

पलीकडून आईचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्या मागे ताटं एकात एक ठेवल्याचा आवाज. मग घरातूनच कोणीतरी विचारलं,

"कोणाचा फोन आहे, आई?"

आवाज ताईचा होता. रोजचा, जरासा दमलेला, शेवटच्या अक्षरावर खाली येणारा.

"कोणाचा नाही गं," आई म्हणाली. "चुकून लागलाय कोणाचा तरी." आणि फोन बंद झाला.

ताई कशी घरी पोहोचली, वाटेत कोणाशी बोलली, यातलं तिला काही आठवत नाही. जिना चढली, दार उघडंच होतं. दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. पुढच्या खोलीत आई खुर्चीत बसली होती, आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाठ करून. तिचे केस नुकतेच विंचरलेले होते. सकाळी घाईत ताईकडून ते राहून गेले होते. भांग दुसऱ्याच बाजूला पाडलेला होता.

पावलं ऐकून आईने हात पुढे केला. ताईचा हात हातात घेऊन तिने तो चाचपला, एकेक बोट, मग तळवा, मग मनगट, बाजारात एखादी वस्तू पारखून घ्यावी तसा. मग स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

आपल्याला आधी भीती वाटायला हवी होती, असं ताईला मागाहून पुष्कळदा वाटलं. पण भीती नंतर आली. आधी उसळलं ते जुनंच. त्या 'तिचा'मध्ये आईच्या आवाजात जी माया होती, ती ऐकून ताईचे कान तापले. धाक होता की माया होती, हे तिला अजूनही सांगता येत नाही. ती आईला ओलांडून दाराशी गेली. आत कोणीतरी झोपेत कूस बदलली, पलंग करकरला.

दार बाहेरून बंद होतं. खालची कडी मोकळी होती. लावलेली होती ती वरची. आईचा हात तिथवर कधीच पोहोचत नसे. त्या घरात ती कडी फक्त ताईला लावता येत होती. आणि ती लावल्याचं ताईला आठवत नव्हतं.